माऊलीबरोबर गेलेली सीडी

वटार,
रविवार, ७ जानेवारी २००७

प्रिय फ्रेडी,

नाताळला आला नाहीस, नव्या वर्षालाही नाही. तुझ्या बोर्डिंगच्या ऑफिसात चार वेळा फोन केला. तिथला क्लार्क दर वेळी सांगतो, सर वर्गावर आहेत. रविवारी दुपारी दोन वाजता कसला रे वर्ग? मी तुझ्याहून चार वर्षांनी मोठी आहे, तुझं नाक पुसलंय मी, मला गंडवू नकोस. म्हणून आता पत्र लिहायला बसलेय.

आय बरी आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला सगळं दिसायला लागलंय, त्यात माझ्या घरातली जळमटंही आली. सप्टेंबरात महिनाभरासाठी म्हणून माझ्याकडे आणली होती, ती अजून वटारलाच आहे. नंदाखालच्या तुझ्या घराला कुलूप आहे. ॲन्सेल्म आठवड्यातून एकदा जाऊन खिडक्या उघडतो, केळींना पाणी सोडतो. माझा नवरा आहे म्हणून सांगत नाही, पण तुझ्या घराची काळजी तुझ्यापेक्षा तोच जास्त करतो.

आय रोज विचारते, फ्रेडीचं काय बिनसलं? मी सांगते, राहुरीकडे मास्तर कमी पडले म्हणून वर्षाच्या मधेच बोलावलं. ती मान हलवते आणि दुसऱ्या दिवशी परत विचारते.

तुला लागलंय ते कळतं मला. आपल्या बोलीत सिनेमा करायचा हे तुझं वेड. दीड वर्ष तू त्यात घातलंस. ‘बांधावरची विहीर’ म्हटलं की गावात लोक हसायचे, तेच लोक नंतर तुझ्यासमोर उन्हात उभे राहून काम करायला लागले. चार चर्चच्या हॉलमध्ये चार रविवारी दाखवायचा, सीडी काढायचीच नाही, लोकांनी एकत्र बसून बघायचा, हे तू पहिल्यापासून सांगत होतास. आणि नोव्हेंबरात नंदाखालच्या पहिल्याच शोला तीनशे खुर्च्यांवर एकतीस माणसं. बाकीचे तीन शो तू रद्द केलेस आणि निघून गेलास.

पण फ्रेडी, यात माझा काय दोष? ॲन्सेल्म लग्नांची शूटिंगं करतो, मी ती कॉम्प्युटरवर जोडते. तसाच तुझा सिनेमा जोडला, आठ महिने, पाठीचा काटा ढिला झाला. तुझ्या टेपा आणि मास्टर सीडी माझ्या कपाटात लुगड्यांच्या खाली कुलपात होत्या. किल्ली माझ्या गळ्यात. अजून तिथेच आहेत, येऊन बघ. चोर विरारात शोध. शोच्या आदल्या दिवशी शनिवारी दुपारी तिथल्या केबलवर तुझा सिनेमा लागला तो कुठून आला? स्टेशनच्या पुलावर तर त्याच्या सीड्या, वर भलत्याच बाईचा फोटो लावून, विकत होते. मुंबईत तू कुणाकुणाला दाखवत फिरलास ते आठव आधी.

माझ्याकडून काही गेलेलं नाही. हे मी तुला लिहून देते.

सोबत तुझ्या केळींची वाळवलेली सुकेळी पाठवतेय. एकटा खा, क्लार्कला देऊ नकोस.

तुझी
विनी

वटार,
रविवार, ११ फेब्रुवारी २००७

प्रिय फ्रेडी,

तुझं कार्ड मिळालं. ‘आयला कुठला सीन आवडला ते विचार.’ बस, एवढंच. वर प्रिय नाही, खाली सही नाही. सुकेळी मिळाली की नाही तेही नाही.

कार्ड हातात घेऊन मी ओट्यापाशी कितीतरी वेळ उभी होते. दूध उतू गेलं.

आयला विचारायची गरज नाही. ती काय सांगेल ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी म्हातारी चुलीपाशी बसून गाणं म्हणते तो. आयचा सीन. सहा मिनिटांचा, जो तू जुलैत काढून टाकलास आणि जो तुझ्या मास्टरमध्ये नाहीच. आता आठवतं, शोच्या दिवशी हॉलच्या दारात ऑगस्टीनमामा तुझा हात धरून म्हणाले होते, तुझ्या आयचं गाणं ऐकून रडू आलं रे. मी तिथेच खुर्च्या सरळ करत होते. मामा सीडी बघून आलेत एवढंच माझ्या डोक्यात आलं. त्यांनी तुझ्या सिनेमात नसलेला सीन पाहिलाय, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. तुझ्या शिरलं. म्हणजे तीन महिने तुला माहीत होतं आणि तू गप्प बसलास. मी गेल्या पत्रात लिहिलेलं तू वाचलंस आणि काय म्हणाला असशील, या विचाराने माझे कान तापलेत.

बरं. काढली मी एक कॉपी. एकच. आयसाठी.

पण आता माझंही ऐक. पाच दिवस आय त्या गाण्याची तयारी करत होती. पेटीतलं लाल लुगडं काढलं, गळ्यातलं पॉलिश करून आणलं. सासूकडून शिकलेलं गाणं, त्यातली दोन कडवी विसरली होती, ती विचारायला गास गावच्या मावशीकडे रिक्षाने गेली. शूटिंग झाल्यावर गावभर सांगत फिरली, फ्रेडीने मला सिनेमात घेतलंय. आणि तू मला म्हणालास, विनी, हा सीन काढ, गोष्ट थांबते. मी म्हटलं, आयला कोण सांगणार? तू म्हणालास, मी सांगतो. जुलै गेला, ऑगस्ट गेला. सप्टेंबरात तिच्या डोळ्यावरची पट्टी निघाली तरी तू सांगितलं नाहीस. ती नव्या डोळ्यांनी हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसून स्वतःला शोधत राहिली असती, सगळ्या गावासमोर. ते मला बघवलं नसतं. म्हणून मी तो सीन परत जोडला आणि तिला घरीच दाखवला. म्हटलं, एकदा पाहिला की हॉलमध्ये यायचा हट्ट धरणार नाही. झालंही तसंच. गुडघ्याचं निमित्त सांगून त्या दिवशी मी तिला घरी ठेवली.

आणि साधुपणाचा आव तू तरी आणू नकोस. तुझ्या खोलीतल्या फळीवर दोनशे सीड्या आहेत. इराणी, जपानी, कुठकुठल्या. त्या तुला कुणी कॉपी करून दिल्या? मीच ना? तू म्हणायचास, वसईत बसून हे सिनेमे मला कुठे बघायला मिळणार, शिकण्यासाठी चालतं. त्या लोकांना विचारलं होतंस? त्यांनीही कुणाचे तरी सीन कापले असतील, त्यांच्याही आया असतील. तुला शिकायला चालतं, तर आयला स्वतःचा चेहरा बघायला का चालत नाही?

याचं उत्तर दे. आणि दिलंस तर जरा लांब दे.

विनी

वटार,
रविवार, २५ मार्च २००७

प्रिय फ्रेडी,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

काल कन्फेशनला गेले होते. ईस्टर जवळ आला, जायलाच हवं. इकडे एक तरुण फादर आलेत. मी सांगितलं, भावाच्या सिनेमाची कॉपी काढली, त्याला न विचारता, आणि विचारल्यावर खोटं बोलले. मला वाटलं, दहा वेळा ‘नमो मरिया’ म्हणायला सांगतील आणि सोडतील. ते म्हणाले, चोरलेलं परत द्या. मी म्हटलं, फादर, ही काय कोंबडी आहे का, परत द्यायला? मूळ सीडी माझ्या कपाटातच आहे, त्याची त्याला कधीही मिळेल. त्यावर ते म्हणाले, मग तुमच्या भावाचं नेमकं काय गेलं ते शोधा, आणि ते परत द्या.

घरी आल्यापासून मी तेच शोधतेय. शोधायचं तर आधी सगळं सांगायला हवं. गेल्या पत्रात मी ‘एकच कॉपी’ लिहिलं, ते खरं आहे. पण ती एक कॉपी कशी गेली ते मी खाल्लं.

ऑक्टोबरात आमच्याकडे मरियामाऊलीची मूर्ती घरोघर जाते. रोज एका घरी मुक्काम, संध्याकाळी शेजारीपाजारी जमून रोझरीची प्रार्थना म्हणतात, चणे खातात, दुसऱ्या दिवशी ते घर तिला पुढच्या घरी पोचवतं. आमच्या घरी ती पाच तारखेला होती. रोझरी झाली, चणे झाले, आणि आय सगळ्यांना म्हणाली, बसा, माझा सिनेमा बघून जा. नाही कसं म्हणणार? सगळे बसले. दुसऱ्या दिवशी माऊलीला सुझानच्या घरी न्यायची तयारी करताना आयने ती सीडी टोपलीत ठेवली, मेणबत्त्या आणि प्रार्थनेच्या पुस्तकाशेजारी. म्हणाली, तिथल्या म्हाताऱ्यांनाही बघू दे, परत येईल. पण माऊलीच्या टोपलीतली वस्तू काढून घ्यायचं कुणाच्या मनात येत नाही. ती पुढच्या घरी जाते. सुझानला वाटलं, चर्चनेच पाठवलीय. तिच्या पुढच्यांना तर खात्रीच झाली. रोझरी, चणे आणि फ्रेडीचा सिनेमा, महिनाअखेरपर्यंत सव्वीस घरं.

तू त्या महिन्यात पोस्टर आणि प्रोजेक्टरसाठी मुंबईच्या खेपा घालत होतास. वटारला तुझं येणं झालं नाही.

सीडी परत न येता पुढे जातेय, हे मला चौथ्या घरीच कळलं होतं. काढून आणायला वीस पावलं चालायचं होतं. नाही गेले. स्वतःला म्हटलं, आय किती खूश आहे. लोक तिला रस्त्यात थांबवत होते, गाणं म्हणायला सांगत होते, तिचा गुडघासुद्धा दुखायचा थांबला होता. हे खरंच आहे. पण हे सगळं नाही.

तुझ्या टायटलमध्ये लिहिलं होतं, संकलन – ॲन्सेल्म डिजिटल. ॲन्सेल्मला माउस कुठल्या हातात धरतात ते ठाऊक नाही. दुकानाचं नाव ते, तू सवयीने घातलंस, मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. आयच्या कॉपीत सीन जोडला तेव्हा शेवटी मी ते नाव पुसलं आणि लिहिलं, संकलन – विनी. घरच्या घरी, आयलाच दाखवायचं होतं, म्हटलं कुणाला कळणार आहे. नवव्या घरी मी रोझरीला गेले. सिनेमा संपला, नावं आली आणि तिथल्या एक रिटायर्ड बाई म्हणाल्या, ही विनी म्हणजे आपली ॲन्सेल्मची का? सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. बारा वर्षं मी या गावाची लग्नं जोडतेय. नवरीचं रडणं कापते, दारू प्यायलेले काका कापते, कॅमेरा हलला तर तिथे फुलं घालते. एकाने कधी विचारलं नाही, हे कोण करतं. त्या संध्याकाळी विचारलं. मला इतकं बरं वाटलं, फ्रेडी, की मी सीडी पुढे जाऊ दिली. आयचं नाव पुढे करून मी माझं नाव घरोघर पाठवलं.

हे कन्फेशनमध्येही मी सांगितलं नव्हतं. तुलाच पहिल्यांदा सांगतेय.

तुझी
विनी

वटार,
गुरुवार, १९ एप्रिल २००७

प्रिय फ्रेडी,

ईस्टर झाला. तू आला नाहीस, पण आता मी त्यावर बोलणार नाही. दुसरं सांगायचंय.

आयला सगळं सांगितलं. तिचा सीन तू काढला होतास, मी तो चोरून घातला, आणि लोकांनी बघितला तो तुझा सिनेमा नव्हताच. ती केळफूल सोलत होती. सोलणं तेवढं थांबलं नाही. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवली, औषधं घेतली, बोलली नाही. मला वाटलं, सांगून मी तिला मारलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी लुगडं नेसून टीव्हीसमोर बसली आणि म्हणाली, खरा लाव. मी कपाटातून तुझा मास्टर काढला. तिने सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला, मधे पाणीसुद्धा मागितलं नाही. संपल्यावर जे म्हणाली ते आपल्या बोलीत लिहायला मला जमत नाही, बोलायलाच येतं, म्हणून शाळेच्या मराठीत लिहिते. ती म्हणाली, “त्याचं बरोबर आहे. ती पोरगी तिकडे विहिरीवर एकटी उभी. तिचं काय होणार, याची धाकधूक लागलेली. त्यात मी म्हातारी गात बसलेय. कुणाला हवंय ते?” मग उठता उठता म्हणाली, “पण मला त्याने सांगायला हवं होतं.”

ती आत गेली आणि मी तिथेच बसून रडले. कारण फ्रेडी, मला हे जुलैतच माहीत होतं. तू ‘काढ’ म्हणालास आणि मी काढून सलग पाहिला, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. पोरगी विहिरीपाशी जाते आणि लगेच सकाळ होते. तीच खरी जागा होती. इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. आणि मीच ते परत बिघडवलं, वर माझं नाव घातलं आणि गावाला दाखवलं. आता लोकांना वाटतं, फ्रेडीचा सिनेमा म्हणजे तो, मधेच सहा मिनिटं थांबणारा. फादरांनी शोधायला सांगितलं होतं ना, तुझं काय गेलं? रिकाम्या खुर्च्या मला कळत होत्या. पण तुझं खरं जे गेलं ते हे. आणि ते विरारच्या पुलावरून नाही, माझ्या टेबलावरून गेलं.

म्हणून मी काय केलं ते सांगते. सुझानच्या घरापासून सुरुवात केली. माऊली ज्या घरांना गेली त्याच घरांना, त्याच ओळीने, सव्वीसच्या सव्वीस. आय म्हणाली, टोपलीत मी ठेवली होती, मी येणारच. तो गुडघा घेऊन आली. दर घरी मी तेच सांगितलं, तुम्ही पाहिलात तो फ्रेडीचा नव्हता, मी त्यात त्याला न विचारता हात घातला होता. काहींनी हसून चहा टाकला. एका घरची बेला म्हणाली, फुकटात पाहिला तोच बरा होता, त्यात तुझी आय तरी होती, दुसरा कशाला बघायचा? आयने तिला चांगलंच सुनावलं. सतराव्या घरी क्लेटनने दारातच सगळं कबूल करून टाकलं. त्याचा साडू विरारला केबल चालवतो. क्लेटननेच त्याला एक कॉपी दिली होती, कौतुकाने, आपल्या बोलीतला सिनेमा सगळ्या विरारला दिसू दे म्हणून. पुढे पुलावर कशी गेली ते त्याला माहीत नाही. सहा महिने तो माणूस आम्हाला बघितलं की रस्ता बदलत होता आणि मला वाटायचं, उधार मागेन म्हणून टाळतोय. त्याला काय बोलणार? त्याच्यात आणि माझ्यात फरक काय?

दर शुक्रवारी गिऱ्हाइकांना नवीन सिनेमांच्या कॉप्या काढून द्यायचे, तेही बंद केलं. ॲन्सेल्म दोन दिवस कुरकुरला. पण कॉपी लावली की मी शेवटची नावं वाचत बसते, संकलन कुणाचं ते बघते, आणि मग हात चालत नाही.

तर आता विचारते. रविवार, सहा मे, संध्याकाळी सहा वाजता, नंदाखालचा हॉल बोलून ठेवलाय. तुझा सिनेमा, तुझ्या मास्टरवरून, एक फ्रेमही न हलवता. टायटलसुद्धा तुझंच, ॲन्सेल्म डिजिटल. पण तू ‘हो’ म्हटल्याशिवाय लावणार नाही. एकदा न विचारता केलं, ते पुरे. कार्डावर ‘हो’ लिहून टाक, सही नको. कार्ड आलं नाही तर मी दारात उभी राहून लोकांना परत पाठवेन.

सोबत तिकीट आहे, एक नंबरचं. आयने स्वतःसाठी दोन नंबरचं घेतलंय, पैसे मोजून.

तुझी
विनी

वटार,
सोमवार, ७ मे २००७

फ्रेडी,

कार्ड आलं नाही. शनिवारी पोस्टमनला तीनदा विचारलं, तो वैतागला.

काल साडेपाचला मी हॉलच्या पायरीवर उभी होते. माणसं यायला लागली. सुझान सगळं घर घेऊन आली, क्लेटन आला, ऑगस्टीनमामा काठी टेकत आले, बेलासुद्धा आली. दीडशेच्या वर असतील. मी प्रत्येकाला सांगत होते, परवानगी आलेली नाही, बहुतेक परत जावं लागेल. कुणी जाईना. आय लाल लुगडं नेसून पायरीवर बसली होती. म्हणाली, सहा वाजेपर्यंत थांबू.

सहाला पाच कमी होती. ॲन्सेल्म हॉलच्या मागून आला, जिथे मोटारसायकली लावतात तिथून. मला म्हणाला, “लाव.” मी विचारलं, कार्ड आलं? म्हणाला, “लाव म्हणतोय ना.” तुला माहीत आहे त्याचं, दिवसाला सात वाक्यं बोलतो, त्यातली दोन काल माझ्यावर खर्च केली. मला वाटलं, तू त्याच्या मोबाइलवर फोन केलास. दिवे घालवले आणि लावला.

पोरगी विहिरीपाशी गेली आणि लगेच सकाळ झाली, तेव्हा सगळ्या हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. ऑगस्टीनमामांनी आयकडे वळून पाहिलं. आय पडद्याकडे बघत होती. संपल्यावर लोक उठेनात. मग आयच उठली आणि मागे वळून म्हणाली, “आता बघितलात ना माझ्या फ्रेडीचा?” कुणीतरी तिला गाणं म्हणायला सांगितलं. तिने बाहेर अंगणात येऊन म्हटलं, आठच्या आठ कडवी. तिथे ते अगदी बरोबर बसलं.

आज सकाळी मी तिकिटांचा डबा उपडा केला. बिस्किटांचा जुना डबा, ॲन्सेल्म दारात तिकीट फाडून अर्धं त्यात टाकत होता, अर्धं लोकांच्या हातात. सगळ्यांचं एकेक अर्धं. एक नंबरची मात्र दोन्ही अर्धी होती. मी ॲन्सेल्मला हाक मारली, हे काय? तो म्हणाला, कुठलं तिकीट? आणि केळींना पाणी सोडायचंय म्हणून निघून गेला, सोमवारी, जेव्हा तो कधी जात नाही.

दुसऱ्या अर्ध्याच्या मागे पेन्सिलीने लिहिलेलं आहे. तुझं अक्षर, अंधारात लिहिल्यासारखं वर-खाली गेलेलं. ‘सकाळ होते तिथे रहाटाचा आवाज फार खाली गेलाय. वर घे.’

मी ते चार वेळा वाचलं. मग आयला वाचून दाखवलं. ती म्हणाली, म्हणजे पुढच्या रविवारचा हॉल सांगून ठेव.

खरंच खाली गेला होता रे. माझ्याच हातून, घाईत. आता वर घेतलाय. पण किती वर ते मी एकटी ठरवणार नाही, इथे माझ्या शेजारी बसून ऐकल्याशिवाय मास्टर काढणार नाही. त्या फळीवरच्या दोनशे सीड्यांचं काय करायचं तेही तेव्हाच बोलू, मला अजून सुचलेलं नाही.

आणि एक. मोटारसायकलींच्या मागे लपून आलास, आपल्याच गावात, आपल्याच सिनेमाला. आय वीस पावलांवर बसली होती. घरी तुझ्यासाठी म्हणून नाही, पण बोंबील केले होते. आलास ते आलास, जेवून तरी जायचंस.

तुझी
विनी